परदेशातले इंग्रजी: परीक्षेत आणि परीक्षेनंतर

लंडन: ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठी 2010 पासून ए1 (अगदी प्राथमिक) आणि कायम वास्तव्यासाठी बी1 (मध्यम) पातळीचे इंग्रजी सिद्ध करावे लागते, ज्या देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे त्या यादीत जमैका आहे, भारत नाही. परीक्षेला माझा विरोध नाही. मात्र ती उत्तीर्ण झाल्यावरही आपले इंग्रजी कमी ठरते, ते कशाच्या आधारावर, हे तुमच्या अनुभवांतून समजून घ्यायचे आहे. कृपया सविस्तर लिहावे.

परिचारिका, लेस्टर: आमच्या नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत 9 पैकी वाचन, श्रवण व संभाषणात 7 आणि लेखनात 6.5 गुण लागतात. ते मिळवून वॉर्डात आले, तर इथले आजी-आजोबा मला 'मी डक' (म्हणजे 'माझ्या लाडके') म्हणून हाक मारत आणि 'वी वेअर'ऐवजी सर्रास 'वी वॉज' म्हणत. ते बोलणे अंगवळणी पडायला काही काळ लागला, पण रुग्णांनी मला सांभाळून घेतले. औषधाची मात्रा फोनवर पुन्हा उच्चारून खात्री करणे आवश्यकच आहे आणि ते मी नेहमी करते. व्ही आणि डब्ल्यू मी सारखेच उच्चारते म्हणून सर्वांदेखत 'आधी इंग्रजी शिका' असे ऐकवणाऱ्या सहकाऱ्याला मात्र रुग्णाच्या सुरक्षिततेची काळजी नव्हती.

सिडनी: माझ्या वेळी आयईएलटीएसच्या चारही भागांत 8 मिळाले की स्थलांतराच्या अर्जात 20 गुण मिळत. ते मिळाले, तरी नोकरीच्या मुलाखतींत 'स्पष्ट बोलता येईल ना?' हा प्रश्न चुकला नाही.

न्यू जर्सी: आईने नागरिकत्वाचा अर्ज केला तेव्हा तिने पंचावन्न ओलांडली होती आणि ग्रीन कार्डला 15 वर्षे झाली होती, त्यामुळे इंग्रजीतून सूट मिळून तिने इतिहास व राज्यव्यवस्थेची उत्तरे दुभाष्यामार्फत मराठीतून दिली. माझी परीक्षा इंग्रजीत झाली. उच्चाराने अर्थ बिघडत नसेल तर तो चूक धरत नाहीत, असा तिथला नियमच आहे. सरकारला पुरेसे वाटलेले हे इंग्रजी माझ्या वरिष्ठांना, एकाही ग्राहकाची तक्रार नसताना, ग्राहकांशी बोलण्यासाठी अपुरे वाटले. 1964 च्या नागरी हक्क कायद्याखाली उच्चारावरून काम नाकारायचे, तर त्याने कामात खरोखर अडथळा येत असला पाहिजे. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी कारण लेखी मागावे.

मिशिगन: हे सारे पटते, पण आपल्या घरांविषयीही लिहायला हवे. कृष्णवर्णीय वर्गमित्रांसारखे बोलू नकोस, ते अशुद्ध आहे, असे मुलांना बजावणारे मराठी पालक मी पाहिले आहेत. याच राज्यात, अ‍ॅन आर्बर शहरातील शाळा मंडळाविरुद्धच्या खटल्यात, 1979 साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी कृष्णवर्णीय मुलांची घरची बोली लक्षात घेऊन त्यांना वाचन शिकवावे असा निकाल दिला. त्या बोलीला स्वतःचे व्याकरण आहे, अशी साक्ष भाषाशास्त्रज्ञांनी दिली होती. मी अकोल्याचा. शाळेत 'काय करून राहिला' म्हटले की वर्ग हसायचा, आणि शिक्षक तो थांबवत नसत. ज्यांनी हे सोसले, त्यांनी इथे दुसऱ्याच्या बोलीला नाक मुरडावे, हे मला फार खुपते. निबंध शाळेच्या इंग्रजीत लिही, मैत्रिणीच्या बोलीला मात्र अशुद्ध म्हणू नकोस, असे मी मुलीला सांगितले आहे. आमच्या मराठी शाळेच्या पालकसभेत मी हा विषय मांडणार आहे. कुणी आपल्याकडे मांडला असल्यास कसा मांडला, ते कळवावे.