अकरावीचा वर्ग तोंडच उघडत नाही, काय करू?

अकरावी सायन्सला फिजिक्स शिकवते, वर्गात ८० मुलं. "समजलं का?" विचारलं की सगळे "हो मॅडम" आणि युनिट टेस्टला साध्या प्रश्नावर निम्मा वर्ग आडवा. शनिवारी ऑनलाइन लेक्चर असतं तिथे सगळ्यांचे कॅमेरे बंद, तासभर मी एकटीच बोलते. मुलं हुशार आहेत हो, मनापासून वाटतं त्यांच्यासाठी काहीतरी करावं. पण पोर्शनही संपवायचाय. कुणी काही करून बघितलंय का?

उत्तर १
मॅडम, "समजलं का" आधी बंद करा, त्याला "हो"शिवाय उत्तरच नसतं. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ मध्ये जे सुरू केलं ते मी करतो. एक प्रश्न टाकायचा, उदा. चेंडू सरळ वर फेकला, अगदी टोकाला असताना ॲक्सिलरेशन किती? ए बी सी डी लिहिलेली कार्डं मुलांकडे असतात, आधी कुणाशीही न बोलता कार्ड वर. बरेच जण शून्य म्हणतात. मग म्हणायचं, वेगळं उत्तर असलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा, दोन-तीन मिनिटं. वर्गात नुसता कल्ला होतो, होऊ द्या!! मग परत कार्डं, आणि शेवटी तुम्ही समजावून सांगा की वेग शून्य असला तरी ॲक्सिलरेशन ९.८ मी/से² खालच्या दिशेने आहेच. पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळे बरोबर आले तर चर्चा नको, पुढे जा, आणि फारच कमी आले तर आधी परत शिकवा. तासाला असा एकच प्रश्न घेतला तरी पोर्शन अडत नाही.

उत्तर २
मी झेडपी शाळेत आहे, चौथीला. प्रश्न विचारला की आपण सेकंदभरही थांबत नाही, लगेच पुढच्याला विचारतो नाहीतर स्वतःच उत्तर देतो. मनात पाच आकडे मोजा. सुरुवातीला फार जड जातं, पण मागच्या बाकावरची पोरं त्या पाच आकड्यांतच हात वर करतात, मी रोज बघते. ऑनलाइनला सांगायचं की उत्तर चॅटमध्ये टाइप करून ठेवा पण एंटर दाबू नका, मी "आता" म्हटलं की सगळ्यांनी एकदम. कुणाचं बघून लिहिता येत नाही आणि लाजरी मुलंही लिहितात.

प्रश्नकर्ती
चेंडूवाला प्रश्न काल घेतला. पहिल्यांदा ५० च्या वर कार्डं शून्याची, चर्चेनंतर २० पण नाही. वर्षभर एक शब्द न बोललेली मुलगी शेजारणीला वहीत आकृती काढून समजावत होती 🙏 शनिवारी चॅटवालं करते.