राज्यशास्त्रवाल्याने कोर्टाचा अभ्यास करायचा तर कसा?

तिरपागडा:
मंडळी, एमए राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. डिझर्टेशनला सुप्रीम कोर्ट घेईन म्हणतोय तर जो तो म्हणतो हे लॉवाल्यांचं काम, तू आपला एखादा पक्ष नाहीतर निवडणूक घे. केशवानंद भारती (संसदेला घटना बदलता येते पण तिचा गाभा नाही, असं ठरवणारा खटला) उघडलं तर 700 च्या वर पानं आणि 11 वेगवेगळी निकालपत्रं, डोकंच आउट झालं. कायदा न शिकलेल्याने यात बघायचं तरी काय?

काळाकोट:
निकालपत्रं आम्ही वकील वाचतो, तू बेंच वाच, म्हणजे निकाल देणारे जज कोण ते बघ. जॉर्ज गॅडबॉइस म्हणून केंटकी विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी 1950 ते 89 मधले आपल्या सुप्रीम कोर्टाचे सगळे 93 जज घेतले आणि वडील काय करायचे, जात-धर्म कोणता, शिकले कुठे, वर कुणी आणलं हे एकेकाचं खणून काढलं. त्यासाठी 80 च्या दशकात इथे येऊन साठावर जजेसना स्वतः भेटले, नोट्स टाइप करून ठेवल्या. आणि केशवानंदमध्येच बघ की, 24 एप्रिल 1973 ला 7-6 ने निकाल आला आणि लगेच शेलत, हेगडे, ग्रोव्हर या ज्येष्ठ तिघांना डावलून सरकारने रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघेही सरकारविरुद्ध गेलेल्या सातातले, रे उरलेल्या सहातले. (आपले मुंबई हायकोर्टातून गेलेले पालेकर आणि यशवंत चंद्रचूडही सहातलेच, हे इकडे फारसं कुणी काढत नाही.) आता हा विषय लॉचा का राजकारणाचा, तूच सांग.

मधलीसुट्टी:
काका, नेमणुकांपुरतं मान्य, पण बेंच बघून निकाल ओळखता येतो असं कुणी म्हणालं तर मला नाही पटत. 1976 चं एडीएम जबलपूर घ्या, आणीबाणीत डांबलेल्यांना सुटकेसाठी कोर्टात जाता येतं का हा खटला, पाचही जज हायकोर्टातून वर आलेले, आणीबाणीचं प्रेशर सगळ्यांवर सारखंच, चौघे नाही म्हणाले, तरी खन्ना एकटेच विरोधात गेले आणि 77 मध्ये सरन्यायाधीशपद हुकलं. कुंडली मांडून हे कसं कळणार?

काळाकोट:
निकाल ओळखायचा म्हटलंच नाही मी. यादीत कोण येतं आणि कोण येतच नाही ते बघा म्हटलं. 93 मध्ये बाई एकच, फातिमा बीवी, त्याही 1989 ला.

तिरपागडा:
मग फक्त मुंबई हायकोर्टातून वर गेलेले घेतले तर जमेल? गजेंद्रगडकरांपासून पुढे?

काळाकोट:
जमेल की. 1993 च्या आत थांब मात्र, तिथून पुढे कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ जजच नवे जज निवडतात ती पद्धत, आलं आणि नेमणुकीचा सगळा खेळच बदलला, दोन्ही एकत्र घेतलंस तर गाइड व्हायवाला सोलून काढेल.