कच्छमध्ये दोन गाड्या, बारा माणसं: धोलावीराचा मुक्काम वगळावा का?

कोथरूडची_सून: जानेवारीत पुण्याहून दोन गाड्या काढून कच्छला निघतोय. बरोबर सासू-सासरे आणि शाळकरी मुलं आहेत. बेत असा: भुज, लखपत, धोरडोचं पांढरं रण, धोलावीरा आणि येताना मोढेरा-पाटण. धोलावीरा म्हणजे हडप्पाकालीन शहराचे अवशेष; तिथे नुसते दगड आहेत, दुपारचे दोन तास पुरे, असं सगळे म्हणतात. तिथला मुक्काम वगळला तर एक दिवस वाचतो. काय करू? आणि धोलावीराला खावड्याकडून जाणारा रस्ता लहान गाडीला चालेल ना?

पाटकरी: ताई, मुक्काम वगळू नका. दिवस वाचवायचाच असेल तर धोरडोतला वाचवा. मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, म्हणून पाण्यापासूनच सांगतो. धोलावीरा ज्या खडीर बेटावर आहे, त्याला चहूकडून खारं रण, पाऊस बेताचा, बारमाही नदी नाही. मानसर आणि मनहर हे दोनच ओढे, तेही पावसाळ्यापुरते. हडप्पाकालीन लोकांनी त्यांवर बंधारे घालून पाणी तटाच्या आत वळवलं आणि ओळीनं तलाव भरले. पूर्वेकडचा तलाव सुमारे ७३ मीटर लांब आहे. त्याच्या काठावर जरा थांबा आणि पायऱ्या कुठवर उतरतात ते बघा. पाणी तळाला गेलं तरी घागर भरता यावी, ही सोय बांधतानाच केलेली आहे. दक्षिणेचे तलाव तर थेट खडकात खोदलेत. बालेकिल्ल्यातल्या दगडी मोऱ्यांतून पावसाचं पाणीसुद्धा वाया जाऊ दिलेलं नाही. चार हजार वर्षांपूर्वीचं हे काम बघून मला भरून आलं होतं.

दुपारी तिथे सावली नाही, दगड तापतो, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील. संध्याकाळी पोहोचा, सकाळी लवकर आत जा. उत्तर दरवाजापाशी दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली होती, ती अजून कुणालाही वाचता आलेली नाही. मुलांना तिथे उभं करून हे नक्की सांगा.

रस्ता डांबरी आहे, लहान गाडी आरामात जाते. सुमारे ३० किलोमीटर दोन्ही अंगाला फक्त रण. पूर्वी भचाऊ-रापरचा मोठा वळसा पडायचा. टाक्या भुजलाच भरा. रेंज जाते, म्हणून दोन्ही गाड्या एकमेकींच्या नजरेत ठेवा.

डोंबिवली_फास्ट_लोकल: पाटकरीकाकांशी सहमत. लखपत मात्र धोलावीराच्या आधीच करा, तुमचा क्रम बरोबर आहे. ते जुनं बंदर, तट जवळजवळ ७ किलोमीटरचा आणि आत मोजकीच घरं. १८१९च्या भूकंपात जमीन उचलली गेली, सिंधूच्या फाट्याचं पाणी तुटलं आणि बंदराचा व्यापार बसला. हे डोळ्यांत ठेवून धोलावीराला गेलात तर तिथले तलाव वेगळेच दिसतील.

कोथरूडची_सून: ठरलं, मुक्काम करतोय. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पाटणची राणी की वाव, म्हणजे ती पायऱ्यांची विहीर, त्यांना झेपेल का?

पाटकरी: वरच्या एक-दोन टप्प्यांपर्यंत हात धरून न्या, कोरीवकाम तिथूनच सुरू होतं. खोली २७ मीटरच्या आसपास आहे, तेवढं उतरायचा हट्ट नको. मोढेऱ्याचं कुंड काठावरून फिरूनही छान दिसतं. रणात रात्री थंडी कडक पडते, त्यांच्यासाठी शाल-कानटोपी वरच्याच पिशवीत ठेवा. आणि धोरडोचा परवाना निघण्याआधी ऑनलाइन काढा, म्हणजे भिरंडियाराच्या नाक्यावर रांगेत ताटकळायला नको.