मूट प्रॉब्लेमही लिहायचा आणि ज्युनियर्सना शिकवायचंही: दोन्ही कसं सांभाळावं?

अंजनीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातलं विधी महाविद्यालय, माझं एलएलबीचं तिसरं वर्ष. अंतर्गत अभिरूप न्यायालयाची (मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खटला) विद्यार्थी संपादक म्हणून प्रॉब्लेम (काल्पनिक खटल्याची तथ्यं) आणि बेंच मेमो (न्यायाधीशांसाठी मुद्द्यांचं टिपण) मी लिहिते आहे. शिवाय प्रथम वर्षाला मेमोरियल (लेखी युक्तिवाद) शिकवायचं कामही सरांनी माझ्याकडेच दिलंय. ६० विद्यार्थी, दोघांची एक टीम, बहुतेक मराठी माध्यमातले.

मसुदा असा: शेतकऱ्याने १० जून २०२३ रोजी एका कंपनीकडून टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) केळीची ६,००० रोपं १६ रुपयांप्रमाणे घेतली आणि २ एकरांत लावली. ऑगस्टमध्ये पानांवर पिवळे पट्टे दिसले, म्हणजे हरण्या हा विषाणूचा रोग. कृषी सहायकाच्या सांगण्यावरून रोपं उपटून जाळली. २० जून २०२५ ला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली, मागणी १२ लाखांची.

यात काय चुकतंय? आणि शिकवताना किती मदत केलेली चालते?

केळीपट्टा

ताई, विषय फार चांगला निवडलाय. आपल्या मुलांना केळीची बाग समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे सगळा वेळ कायद्याला देता येतो. पण मसुद्यात दोन-तीन भोकं आहेत.

आधी हिशेब. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ६ बाय ५ फुटांवर लावलं तर एकरी १,४५२ रोपं बसतात. म्हणजे ६,००० रोपांना ४ एकरांहून थोडी जास्तच जमीन लागेल. तुम्ही २ एकर लिहिलंय. कंपनीच्या बाजूची हुशार मुलं पहिल्याच मिनिटाला म्हणतील, ‘दाटी केली म्हणून रोग पसरला.’ तुमच्या बेंच मेमोत त्याचं उत्तर नसेल आणि न्यायाधीशही गोंधळतील. जो आकडा वादासाठी मुद्दाम ठेवलेला नाही तो बिनचूकच हवा.

मग तारखा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे मुदत दोन वर्षं, वादाचं कारण घडल्यापासून. खरेदीपासून मोजली तर तक्रार दहा दिवस उशिरा, पट्टे दिसल्यापासून मोजली तर मुदतीत. हे नकळत झालं असेल तर तारीख बदला, नाहीतर निम्म्या टीम मुदतीवरच अडकतील. मुद्दाम ठेवायचं असेल तर तो स्वतंत्र मुद्दा करा आणि उशीर माफ करण्याची कलम ६९(२) मधली तरतूद बेंच मेमोत घाला.

अधिकारक्षेत्राचं भोक नाही, पण मुलं तिथे हमखास चुकतात. कलम ३४ मोबदला म्हणून दिलेली रक्कम बघतं, मागितलेली भरपाई नाही. इथे मोबदला ९६,००० रुपये. १२ लाखांची मागणी त्यात धरायची नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा सध्या ५० लाख.

आता खरी जागा. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी, (२०१२) २ एससीसी ५०६ हा निकाल. सर्वोच्च न्यायालयाने बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक धरला, आणि सगळं बियाणं पेरून बसलेल्या शेतकऱ्याने प्रयोगशाळेत पाठवायला नमुना आणायचा कुठून, हेही विचारात घेतलं. तक्रारदाराची बाजू हा निकाल डोक्यावर घेईल. पण केळीचं रोप पेरून संपत नाही, बागेत उभं असतं. त्याचं पान पाठवता आलं असतं. म्हणून कंपनी म्हणणार, हा निकाल इथे लागू नाही. त्यावर तक्रारदाराचं उत्तर: रोगट झाड उपटून नष्ट करा असा सल्ला सरकारी माणसानेच दिला होता. एका निकालावर दोन्ही बाजू अशा भिडल्या की प्रॉब्लेम जमला. त्यामुळे जाळल्याचं वाक्य काढू नका, त्यापुढे दोन तथ्यं घाला: तालुकास्तरीय समितीचा पंचनामा झाला, पण कंपनीला आधी नोटीस गेली नव्हती. आणि शेजारच्या शेतात काकडी होती. हरण्याचा विषाणू रोगट रोपातून येतो तसा मावा या किडीमार्फतही पसरतो, काकडीवर्गीय पिकं त्याला आसरा देतात. आता रोग प्रयोगशाळेतून आला की शेजारून, हे कुणालाच ठामपणे म्हणता येत नाही. तसंच राहू द्या.

एक पर्यायही सुचवतो. जिल्हा आयोगाने भरपाई मंजूर केली आणि कंपनी कलम ४१ खाली राज्य आयोगाकडे अपिलात गेली, असं दाखवा. म्हणजे मुलं पुराव्याच्या याद्या मागत बसत नाहीत, जे नोंदीत आहे त्यावरच बोलतात. फक्त अपील ४५ दिवसांत आणि मंजूर रकमेचा अर्धा भाग भरून केलंय, हे एका ओळीत लिहा.

सातपुडा_पायथा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त शिकवण्याबद्दल लिहितो.

पहिल्या तासाला मेमोरियलचा नमुना दाखवूच नका. दाखवला की ६० मेमोरियल त्याच साच्याची येतात. त्याऐवजी प्रॉब्लेमची एकेक ओळ घेऊन समासात तीनपैकी एक खूण करायला सांगा: आपल्या कामाची, सामनेवाल्याच्या कामाची, दोघांच्याही. ‘कृषी सहायकाच्या सांगण्यावरून’ या तीन शब्दांवर कोणती खूण करायची, यावरच वर्गात अर्धा तास वाद होतो, आणि तो होऊ द्यावा.

दुसऱ्या तासाला एकच निकाल पूर्ण वाचायचा. मुलं ‘न्यायालयाने नमूद केले’ म्हणून जे उचलतात ते पुष्कळदा वकिलाचं म्हणणं असतं, न्यायालयाचं नसतं. म्हणून परिच्छेद क्रमांक लिहिल्याशिवाय कोणताही दाखला स्वीकारू नका. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच पोर्टलवर फुकट आहेत, महागड्या डेटाबेसची गरज नाही. चॅटबॉटने दिलेला दाखला मूळ निकाल उघडून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, कारण नाव खरं आणि क्रमांक खोटा असंही निघतं.

तपासताना लाल पेनाने वाक्य सुधारून देऊ नका, समासात प्रश्न लिहा. मुलाने लिहिलं, ‘सामनेवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध होतो.’ तुम्ही लिहा, ‘कोणत्या तथ्यावरून?’ बस. वाक्य तुम्ही लिहून दिलंत तर तोंडी फेरीत त्याला ते सांभाळता येत नाही. आणि सगळ्यात दुबळी जागा असते प्रार्थना, म्हणजे शेवटी न्यायालयाकडे केलेली मागणी. ‘न्याय मिळावा’ असं लिहितात. कोणता आदेश रद्द करायचा, किती रक्कम, कोणत्या तारखेपासून व्याज, खर्च कोणी द्यायचा, हे त्यात हवं.

भुसावळ_जंक्शन

दोघांनी एक गोष्ट सोडली. ज्या प्रॉब्लेमचा बेंच मेमो तुमच्या हातात आहे, त्याच प्रॉब्लेमवर टीमला शिकवणं बरोबर नाही. हेतू चांगला असला तरी कुठे मान डोलावली, कुठे गप्प राहिलात, यावरून मुलांना उत्तर कळतं. सातपुडा यांनी सांगितलेले तास जरूर घ्या, पण वेगळ्या सरावाच्या प्रॉब्लेमवर. नंदुरबारकडच्या आदिवासी जमिनीच्या हस्तांतराचा घ्या, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६अ. स्पर्धेच्या प्रॉब्लेमवरच्या शंका फक्त लेखी, ठरलेल्या तारखेपर्यंत, आणि उत्तर सगळ्या टीमना एकाच वेळी.

गुण तुम्ही देऊ नका. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत अभिरूप न्यायालयाला ३० गुण आहेत: वर्षाला तीन, प्रत्येकी १०, त्यात निम्मे लेखी आणि निम्मे तोंडी. ते परीक्षेचे गुण आहेत, शिक्षकांनीच द्यावेत. तुम्ही शेरा लिहून द्या.

वेळेचा हिशेबही आधी करा. ३० टीम म्हणजे १५ सामने. प्रत्येक वक्त्याला १० मिनिटं, प्रत्युत्तर त्यातच, म्हणजे चौघांची ४० मिनिटं, वर गुण आणि शेऱ्याला १०. तीन खोल्या असतील तर प्रत्येक खोलीत पाच सामने, ४ तास १० मिनिटं. जेवणाची सुट्टी वेगळी.

अंजनीकाठ

खूप आभार. दोनऐवजी सव्वाचार एकर करते, तारीख मुद्दाम तशीच ठेवते. मराठीतून युक्तिवाद करू द्यावा का?

केळीपट्टा

पहिल्या फेरीत नक्की द्या. जिल्हा आयोगात तक्रारदार मराठीतूनच बोलतो. पण तसं केलं तर बेंच मेमोही मराठीत काढा, आणि ‘मोबदला’, ‘दोष’, ‘वादाचे कारण’ हे शब्द प्रॉब्लेममध्ये जसे आहेत तसेच ठेवा. एका कागदावर ‘दोष’ आणि दुसऱ्यावर ‘उणीव’ आलं तर मुलं ते दोन वेगळे मुद्दे समजतात. कायद्यातही मालातला दोष आणि सेवेतली उणीव वेगळीच आहे.