मावशीची गिरगावातली पागडीची खोली आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी

ठाकूरद्वारची भाची

माझी मावशी ७६ वर्षांची, गिरगावातल्या चाळीत एकटी राहते. खोली पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली, भाडं महिना ३८५ रुपये, पावती अजून काकांच्या नावावर. काका महापालिकेत होते, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या आजारपणात कार्डं वापरली गेली. मावशीच्या कार्डावर २ लाख ६० हजार झालेत, काकांच्या कार्डावर ९० हजार, आणि त्याचं ॲड-ऑन (त्याच खात्यावरचं जोड) कार्ड मावशीकडे आहे. मावशीचं कार्ड ज्या बँकेचं, तिथेच तिची फॅमिली पेन्शन जमा होते. दोन्हीकडे मिनिमम (बिलातली किमान रक्कम) भरून औषधांना पैसे उरत नाहीत.

वसुलीवाला फोनवर सांगतो, "आजी, खोली जप्त होणार, पोलीस येणार." भाडंही पाच महिने थकलंय, कारण मालकाचा भाडं गोळा करणारा मेहताजी पावती फाडायला तयार नाही. त्यात एक एजंट येऊन गेला: खोली सोडा, पागडीचे पैसे घ्या, कर्ज फेडून मोकळ्या व्हा. मावशी सही करायला निघालीय. तिला काय सांगू?

माहीमकर

आधी ती सही थांबवा, बाकी सगळं नंतर. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. धमक्यांच्या तारखा-वेळा वहीत लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

निवृत्त कारकून, दादर

ताई, माझी उभी नोकरी भाडेकरूंचे दावे चालवणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात गेली. मावशींना आजच्या आज एवढं सांगा: कार्डाच्या कर्जापायी ही खोली जात नाही. क्रेडिट कार्ड म्हणजे विनातारण कर्ज. बँकेला वसुली करायची तर दिवाणी दावा लावून हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा निकाल, मिळवावा लागेल. तो मिळाला तरी भाडे नियंत्रण कायद्याखालच्या राहत्या घरातला भाडेकरूचा हक्क जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०(१)(केसी) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. पेन्शन, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र यांनाही त्याच कलमाचं संरक्षण आहे. बँकेतली ठेव मात्र जप्त होऊ शकते, हेही लक्षात असू द्या. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईमाणसाला अटक करता येत नाही, ते कलम ५६. मात्र वसुलीवाल्याला चेक देऊ नका. तो वटला नाही तर प्रकरण फौजदारी होतं.

खोलीला खरा धोका आहे तो थकलेल्या भाड्याचा. कार्डाचं मिनिमम वेळेवर आणि ३८५ रुपये भाडं मागे, हा क्रम आजपासून उलटा करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. दावा झालाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेली रक्कम १५ टक्के सरळ व्याजाने कोर्टात भरली की त्या कारणावरून ताबा मिळत नाही. पण तिथवर जाऊच देऊ नका. पाच महिन्यांचा चेक आणि सोबत पत्र मालकाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

पावती काकांच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती कलम ७(१५) प्रमाणे भाडेकरू ठरते. रेशनकार्ड, लाईट बिल, मृत्यूचा दाखला जोडून नाव बदलायचा अर्ज त्याच पाकिटात घाला.

काकांच्या कार्डाचे ९० हजार मावशींनी पेन्शनीतून भरायचे नाहीत. ॲड-ऑन कार्डाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. काकांनी काही मागे ठेवलं असेल तर बँक तेवढ्यापुरतंच मागू शकते. मृत्यूचा दाखला देऊन ते कार्ड बंद करायला सांगा.

पेन्शन दुसऱ्या बँकेत वळवायचा अर्ज महापालिकेत लगेच द्या. त्याच बँकेत पैसे पडले की कार्डाकडे वळते होण्याची टांगती तलवार राहते. ऑटो-डेबिट असेल तर तेही थांबवा.

ठाकूरद्वारची भाची

कारकूनकाका, तुमचं उत्तर मावशीला वाचून दाखवलं. तिने दोनदा विचारलं, "कलम नक्की आहे ना?" चेक उद्या टाकते. पण २ लाख ६० हजारांचं काय? बुडवायचे नाहीत, असं तिचं म्हणणं.

निवृत्त कारकून, दादर

त्यांचं म्हणणं मला पटतं, पण छपराच्या किमतीवर नको. बँकेला पत्र द्या: वय, पेन्शनचा आकडा, औषधांचा खर्च, आणि एकरकमी किती जमेल ते. तडजोड झाली तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका. तडजोडीचा शेरा सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, राहतो, पण ७६ व्या वर्षी कोणतं नवं कर्ज काढायचंय? पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. अशा कर्जाची मुदत साधारण तीन वर्षांची, आणि लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे भरले की ती नव्याने सुरू होते. वकील फुकट मिळेल. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन १५१००.

एजंटबद्दल सांगतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे भाडेकरूला हक्क सोडताना पैसे घेता येतात, तो व्यवहार कायदेशीर आहे. पण त्या पैशात कर्ज फिटेल आणि मावशी राहतील कुठे? चाळीचा पुनर्विकास निघाला तर भाडेकरूला मिळणाऱ्या जागेवरचा त्यांचा दावाही त्या सहीबरोबर जाईल.

कोथरूडवासी

माझे वडील ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात, कार्डाची थकबाकी त्यांचीही आहे. त्यांनाही हे लागू?

निवृत्त कारकून, दादर

नाही हो. लिव्ह अँड लायसन्समध्ये ते परवानाधारक आहेत, भाडेकरू नाहीत. मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून थेट ताबा मागता येतो. तुम्ही कराराचं नूतनीकरण आधी उरका, रजिस्टर करून घ्या आणि डिपॉझिटला हात लावू नका. कार्डाच्या बँकेशी बोलणी त्यानंतर.