चित्रकलेतील ‘व्हॅल्यू’ : मूल्य, छटा की आणखी काही?

प्रश्न : फोंड्याच्या आमच्या चित्रकला वर्गात संदर्भाच्या छायाचित्रावरून रचना करताना ‘व्हॅल्यू शेप्स सोपे करा’ असे सांगतात. एका मराठी टिपणात त्यासाठी ‘मूल्य-आकार’ असा शब्द वाचला. तो बरोबर आहे का? की ‘छटा’ म्हणावे?

उत्तर : ‘मूल्य’ कटाक्षाने टाळावे. मराठी वाचकाला त्यातून किंमत किंवा जीवनमूल्य एवढेच कळेल. चित्रकाराची व्हॅल्यू म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या चढणीवर एखादा रंग कोणत्या पायरीवर बसतो ते. अमेरिकी चित्रकार मन्सेल यांच्या रंग मोजण्याच्या पद्धतीत काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 10 धरून ही पायरी मोजतात. ‘छटा’ सुंदर शब्द आहे, पण ‘निळ्याला हिरवट छटा’ म्हणताना आपण रंग सरकवतो, उजळपणा नव्हे. ‘गडद’ तर याहून फसवा आहे, कारण ‘गडद लाल’ म्हणजे काळपट लाल की भरदार लाल, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.

राहिला ‘छायाप्रकाश’. तो रुळलेला आहे आणि गोव्यातल्या जुन्या पिढीला ठाऊक असलेल्या पोर्तुगीज ‘क्लारो-एस्कुरो’ची घडणही तशीच, उजळ आणि काळोखे यांची जोडी, आहे. तरीही हा शब्द वस्तूवर पडलेल्या उजेडाविषयी बोलतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पत्रज, ऐरिक आणि बिंदुज अशी तीन प्रकारची ‘वर्तना’ सांगितली आहे, तीही अंगाला गोलाई आणणारी छायाच आहे. व्हॅल्यूमध्ये मात्र पडलेला उजेड आणि वस्तूचा मूळ रंग हे दोन्ही एकत्र मोजले जातात.

माझ्याच एका छायाचित्रात दुपारच्या उन्हात चिऱ्यांची, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडांची, वई (कुंपण) आहे आणि ओसरीच्या सावलीत चुना काढलेले तुळशीवृंदावन आहे. वृंदावन पांढरे आहे हे मनाला ठाऊक असल्यामुळे मी ते कागदावर कोरे सोडले आणि चिरे काळपट केले, चित्र विस्कटले. डोळे किलकिले करून पाहिल्यावर ध्यानात आले की उन्हातला तांबडा चिरा सावलीतल्या चुन्यापेक्षा स्पष्टपणे उजळ आहे, आणि वृंदावन, ओसरीचा खांब व मागचे दार मिळून एकच काळोखा आकार होतो, ज्याच्या आत रेघ ओढण्याची गरजच नाही. सोपे करणे ते हेच. आगपेटीएवढ्या चौकटीत उजळ, मधला आणि काळोखा असे तीनच थर ठेवावेत, त्यांतल्या एकाला निम्म्याहून अधिक जागा द्यावी, आणि वस्तूंच्या कडा विसरून थरांच्या कडा काढाव्यात. (मोबाईलवर रंग काढून टाकल्यानेही मदत होते, परंतु कॅमेऱ्याने ठार काळ्या केलेल्या सावल्यांवर विश्वास ठेवू नये, प्रत्यक्षात त्यांत बरेच काही दिसत असते.)

म्हणून व्हॅल्यूसाठी ‘उजळमान’ आणि अशा एकवटलेल्या आकारासाठी ‘उजळमानाचा आकार’ असे मी सुचवीन. बोलताना ‘काळोखाचा आकार’, ‘उजेडाचा आकार’ पुरेसे आहेत. जपानी ‘नोतान’ या शब्दात दाट आणि फिके अशी दोन अक्षरे शेजारी ठेवली आहेत. उजेड कुठून आला याची चौकशी न करता फक्त मांडणी पाहणारा तो शब्द मला फार नेमका वाटतो, आणि ‘दाट-फिके’ ही त्याची मराठी जोडी रचनेच्या कच्च्या आराखड्याला शोभेल.

शंका : ‘उजळ’ हा तद्भव आणि ‘मान’ संस्कृत, ही जोडणी धेडगुजरी होत नाही का? सगळे ‘टोन’ म्हणतात, तेच का ठेवू नये?

उत्तर : ‘राहणीमान’ तसेच घडले आहे आणि कोणालाही खटकत नाही. ‘टोन’ वर्गात खुशाल म्हणावा. पण लिहिताना तोच शब्द आवाजासाठी आणि छायाचित्राच्या एकूण रंगासाठीही येतो, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ कायम राहतो. वापर असा होईल : ‘चिरा आणि माड यांचे रंग वेगळे असले तरी उजळमान जवळजवळ सारखे आहे, म्हणून त्यांना एकाच आकारात घ्या.’