मदत हवी आहे: होडीला एकही भोक न पाडता ट्रोलिंग मोटर आणि सामान कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, मामाचं गाव हुक्केरी तालुक्यात हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला लागून आहे. मामांची १२ फुटी फायबरची होडी आहे, सपाट बुडाची. आठवडाभर ते जाळ्याला वापरतात (त्यांचं लायसन आहे) आणि रविवारी मी न माझा दोस्त गळ टाकायला नेतो. आता मी १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवायची बॅटरीवरची छोटी मोटर) घेतलीय, ४५ पौंड थ्रस्टची म्हणजे तेवढा जोर लावणारी, मागं क्लॅम्पनं अडकवायची आणि दांडा हातात धरून फिरवायची. मामांनी आधीच सांगून ठेवलंय, "मोटर लाव नाहीतर विमान लाव, होडीला भोक पडलं तर परत मागायला यायचं नाही."

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. जाळं ओढताना कडेला एक स्क्रू जरी वर आलेला असला तरी नायलॉनचा धागा त्यात बरोबर जाऊन अडकतो आणि मग निम्मी सकाळ ते सोडवण्यात जाते. म्हणजे हुक, ब्रॅकेट, रॉड होल्डर असलं काहीही कायमचं बसवता येणार नाही, सोमवारी पहाटे होडी रिकामी मिळाली पाहिजे.

माझी मेन अडचण वजनाची आहे. मोटर मागं, ती चालवणारा मी मागं (८५ किलो) आणि बॅटरी पण मागं ठेवली तर पुढचं टोक वर उचलतं आणि दुपारी वारा सुटला की टोक कुठल्या कुठं फिरतं, मी सरळ न्यायला बघतोय आणि होडी निघालीय काठाकडं. शिवाय मागची फळी पातळ आहे, क्लॅम्प जरा आवळला की करकर आवाज येतो, म्हणून अजून पूर्ण आवळायचं धाडस केलं नाही. आणि सामान तर सगळं पायातच, रॉड, टॅकल बॉक्स (गळ-दोऱ्याची पेटी), डब्बा, पाण्याचा कॅन, मासे ठेवायचं आइस बॉक्स. बॅटरी म्हणून घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच ट्युब्युलर न्यावी म्हणायलोय, चालेल काय? कुणी केलं असलं तर सांगा की.

कृष्णाकाठ:
दादा, इन्व्हर्टरची बॅटरी राहू दे घरीच. ती ५०-६० किलोची असते, उन्हाळ्यात पाणी मागं गेलं की गुडघाभर चिखलातून दोघांनी ती उचलून न्यायची म्हणजे मासे राहिले बाजूला, कंबर धरायची वेळ येणार. वरून आत पातळ ॲसिड, होडी कलली की बाहेर. गाडीची पण नको, ती स्टार्ट मारण्यापुरती असते, रोज खोल उतरवली तर लवकर मरते. १०० एएचची लिथियम (एलएफपी) बघा, १२-१३ किलोत येते, फक्त तिचा बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) सलग ६० अँपिअर तरी देतो का ते विचारून घ्या कारण तुमची मोटर फुल स्पीडला ४०-४५ अँपिअर ओढणार.

बॅटरी पुढच्या फळीखाली ठेवा आणि केबल मागं आणा. केबल १६ स्क्वेअर एमएम तांब्याची, वेल्डिंगची मऊ केबल मिळते ती बेस्ट (ॲल्युमिनियमची गळ्यात मारतात, सोलून बघून घ्या). घरातली ४ स्क्वेअरची वायर घातली तर जाऊन-येऊन ६ मीटरमध्ये सव्वा व्होल्ट वायरीतच जातो आणि ती तापते ते वेगळंच. बॅटरीच्या प्लसजवळच ५०-६० अँपिअरचा डीसी ब्रेकर (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा, बॅटरीच्या करंटसाठीचा) हवाच, घरातला एमसीबी लावू नका, तो एसीचा असतो.

मरळवेडा:
फळीचं सांगतो. १२ एमएम मरीन प्लायचे दोन तुकडे कापा, एक आतून एक बाहेरून, फायबरला लागते त्या बाजूला जुन्या ट्यूबचं रबर चिकटवा आणि क्लॅम्प या सँडविचवर आवळा. दाब पसरतो, करकर थांबते, भोक नाही, संध्याकाळी काढून घरी. आधी फक्त क्लॅम्पचं तोंड किती उघडतं ते मोजा. थोडं चालवल्यावर स्क्रू परत आवळायचे, ढिले होतातच. आणि मोटरला एक दोरी बांधून बसायच्या फळीला गाठ मारा, निसटली तर निदान बुडणार नाही.

पंखा पाण्याखाली फूटभर असू दे, वर राहिला तर हवा ओढतो, नुसता आवाज आणि होडी जागच्या जागी. उलट हिडकलला पाणी उतरलं की जुन्या झाडांची खोडं असतात, तिथं मोटर लगेच तिरकी करता आली पाहिजे. घरी आल्यावर पंखा काढून मागं गळाची दोरी गुंडाळलीय का बघत जा, ती सील कापते आणि पाणी आत शिरतं. तुमच्या केसमध्ये तर मामांच्या जाळ्याचे तुकडे पण असणार.

(धागाकर्ता):
दोघांचेही आभार. बॅटरी १३ किलोचीच झाली तर पुढं वजन पुरणार काय?

कृष्णाकाठ:
नाही पुरणार, दोस्ताला पुढं बसवा की. आइस बॉक्स आणि पाण्याचा कॅन मधे, तळाला. एकटे जाणार असाल तर मोटरच पुढच्या टोकाला अडकवून बघा, तिथं क्लॅम्पला सपाट जागा असली तर. मोटरच्या डोक्याचा स्क्रू ढिला करून डोकं १८० अंश फिरवायचं म्हणजे होडी ओढली जाते. वाऱ्यात ढकलण्यापेक्षा ओढणं सरळ जातं.

खानापूरकर:
सामानासाठी भाजी मार्केटातला प्लास्टिकचा क्रेट. आतल्या बाजूला पीव्हीसी पाइपचे तुकडे केबल टायनं बांधा, रॉड त्यात उभे. टॅकल बॉक्स, पक्कड, दोरी सगळं क्रेटमध्येच, जाताना क्रेट उचलला की होडी रिकामी. टायची टोकं सपाट कापा, नाहीतर मामा आणि जाळं दोघंही चिडतील. मोटर चालू असताना रॉड आडवे ठेवा, उभे असले की गळ मागं टाकताना टोपी काढून नेतात. वल्ही घरी ठेवायची नाहीत, बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. लाइफ जॅकेट पण अंगात, क्रेटमध्ये नव्हे.

आणि मोटर लावायच्या आधी मच्छीमारांच्या सोसायटीत आणि मत्स्य खात्याच्या तालुका ऑफिसात विचारून घ्या, लायसन मामांच्या नावावर आहे, उगाच त्यांना त्रास नको.

(धागाकर्ता):
हे विचारायचं डोक्यातच नव्हतं, सोमवारी मामांसोबत जातो. प्लाय आणि क्रेट या आठवड्यात करतो. मरळवेडा, रबर कशानं चिकटवलं तुम्ही? फेव्हिकॉल पाण्यात टिकेल काय?

मरळवेडा:
साधा नाही टिकणार. पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन आणा, प्लायला आधी पॉलिश पेपर मारा, दोन्हीकडं लावून जरा सुकू द्या आणि मग दाबा. प्लायच्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या, कडेनंच पाणी पितं ते.